सेन्सर बोलतोय, पण कुठून? बिनतारी नेटवर्कमध्ये नोडची जागा शोधायची कृती

गेटवेवर, म्हणजे सगळ्या सेन्सरचे आकडे गोळा करणाऱ्या यंत्रावर, आकडा येतो: नोड १७ (नोड म्हणजे सेन्सर आणि रेडिओ बसवलेली डबी), मातीतली ओल १८ टक्के. आकडा छान आहे, पण नोड १७ आहे कुठे? बागायतदाराला ओलीच्या टक्केवारीत रस नसतो. कुठल्या ओळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, एवढंच त्याला हवं असतं. जागा कळत नसेल तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

हा लेख त्या ‘कुठे’बद्दल आहे. उदाहरण द्राक्षबागेचं घेतलंय, कारण माझं बरंचसं काम तिथेच झालं, आणि नाशिकच्या द्राक्षबागेत आयआयटी मुंबईच्या गटाने ‘ॲग्रीसेन्स’ या नावाने असं नेटवर्क फार आधीच उभं करून दाखवलं होतं. गोदाम, गोठा किंवा कारखान्याची शेड असेल तरी पायऱ्या याच, फक्त आकडे बदलतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नोड बाराच असतील आणि लावल्या जागेवरून हलणार नसतील, तर हा लेख बंद करा आणि वही घ्या. नोडवर नंबर रंगवा, लावताना ओळ आणि वेल लिहून ठेवा, काम संपलं. नोड आपली जागा आपण शोधणार, ही भानगड कधी लागते? नोड शेकड्यात असतील तेव्हा, ते गाईच्या गळ्यात असतील तेव्हा, किंवा छाटणीच्या धांदलीत मजूर खुंट उपटून ‘इथेच कुठेतरी’ परत रोवतात तेव्हा. बागेत तिसरं कारण सगळ्यात जास्त भेटतं.

पायरी १: किती चूक चालेल ते ठरवा

बहुतेक जण इथे न थांबता थेट मॉड्यूल विकत घेतात. थांबा. बागेत दोन ओळींमध्ये ९ फूट आणि दोन वेलींमध्ये ५ फूट अंतर असेल, तर हिशेब सरळ आहे. नोड कुठल्या ओळीत आहे हे सांगायचं तर चूक निम्म्या अंतरापेक्षा, म्हणजे साडेचार फुटांपेक्षा कमी हवी: १.३७ मीटर. कुठली वेल हे हवं असेल तर पाऊण मीटर. आणि नुसता प्लॉट कळला तरी पुरे असेल तर दहा मीटरची चूकही चालते.

हा एक आकडा पुढचं सगळं ठरवतो. दहा मीटर चालत असेल तर नोडमधल्या रेडिओवरच भागेल, जास्तीचा खर्च शून्य. १.३७ हवं असेल तर दुसरा रेडिओ बसवावा लागेल.

‘प्रत्येक नोडला जीपीएस का नको?’ हा प्रश्न दर वेळी येतोच. स्वस्त जीपीएस मॉड्यूल चालू असताना साधारण २५ ते ३० मिलिअँपिअर ओढतं. बंद करून पुन्हा नव्याने सुरू केलं की उपग्रह शोधायला अर्धा मिनिट सहज घेतं. एवढं करून मोकळ्या आकाशाखाली ३ ते ५ मीटरची चूक, आणि आपला नोड तर वेलीच्या मांडवाखाली, तारा आणि पानांच्या आड. म्हणजे बॅटरी गेली ती गेली, आणि ओळही कळली नाही.

पायरी २: अँकर रोवा, आणि टेपने मोजून रोवा

ज्यांची जागा आपल्याला पक्की माहीत आहे, ते नोड म्हणजे अँकर. बाकीचे नोड त्यांच्यापासूनचं अंतर मोजून आपली जागा काढतात. अँकरच्या जागेत अर्ध्या मीटरची चूक झाली, तर ती पुढच्या प्रत्येक नोडच्या पदरात पडते. म्हणून अँकरची जागा मोबाइलच्या जीपीएसने घेऊ नका. ५० मीटरची फायबरची टेप आणा.

४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद तुकडा घेऊ, साधारण १२ गुंठे. एका कोपऱ्याला (०, ०) म्हणा. तिथून एका बाजूला ४० मीटर, दुसऱ्या बाजूला ३० मीटर. कोपरा काटकोनात आहे का, हे गवंडी ३-४-५ ने बघतो तसंच बघायचं. आपल्या मापाला तर ते आयतंच जुळतं: समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरकं अंतर बरोबर ५० मीटर आलं पाहिजे. ५०.६ आलं तर एक खुंट सरकवा. दोन्ही कर्ण मोजा, एकावर भागवू नका. टेप ताणून धरायला दोन माणसं लागतात, आणि ती मध्येच पाचटात किंवा ड्रिपच्या लॅटरलमध्ये अडकली नाही ना हे बघायला तिसरं.

अक्षांश-रेखांशाच्या नादी आत्ता लागू नका. सगळं गणित या स्थानिक मीटरमध्येच करा. नकाशावर दाखवायची वेळ आली की शेवटी एकदाच रूपांतर करायचं. नाशिकच्या आसपास एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०४.६. दिशा मात्र दोन कोपऱ्यांच्या जीपीएसवरून काढू नका. ४० मीटरला ४ मीटरची चूक म्हणजे जवळपास ६ अंश तिरपं. उपग्रह-चित्रावर बांध स्पष्ट दिसत असेल तर दिशा त्यावरून घ्या.

अँकर कुठे रोवायचे यावर माझी फजिती झालेली आहे, ती सांगतो. एका बागेत एकाच बांधावर विजेची सोय होती. मी तिन्ही अँकर त्या बांधावर ओळीने लावले. वायरिंग वाचली, मीही खूश. संध्याकाळी नकाशा उघडला तर निम्मे नोड बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या कांद्यात! गणित बरोबर होतं. बांध ही एक रेघ धरली तर तिच्या १६ मीटर अलीकडचा आणि १६ मीटर पलीकडचा बिंदू तिन्ही अँकरपासून नेमक्या तेवढ्याच अंतरावर असतात. रेडिओला आरशाची कुठली बाजू खरी हे कळणार कसं? दुसऱ्या दिवशी एक अँकर पलीकडच्या टोकाला हलवला, वीस मिनिटांचं काम होतं.

तेव्हा अँकर एका रेषेत नकोत, जवळजवळ रेषेतही नकोत, आणि नोड शक्यतो त्यांच्या घेऱ्याच्या आत यावेत. कमीत कमी तीन, पण लावा चार. चौथा कशाला ते पुढे येईल.

उंचीचंही बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला ४० मीटरच्या टप्प्यात मधोमध सरळ रेषेच्या चहूबाजूंनी सुमारे १.१ मीटर मोकळी जागा लागते. जमिनीलगत किंवा पानांच्या दाटीत अँटेना ठेवला तर ती मिळत नाही. अँकर मांडवाच्या वर, अँटेना उभा, आणि लोखंडी अँगलला चिकटून नको. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा पुढे काढून त्यावर बसवा.

पायरी ३: अंतर मोजा

पहिला मार्ग सिग्नलच्या ताकदीचा, म्हणजे आरएसएसआय. रेडिओवरून आलेल्या प्रत्येक डेटा-पाकिटासोबत हा आकडा फुकट मिळतो, म्हणून सगळे इथूनच सुरुवात करतात. सूत्र असं:

ताकद = अ − १० × न × लॉग(अंतर)

‘अ’ म्हणजे १ मीटरवरची ताकद. ‘न’ म्हणजे त्या जागी सिग्नल किती झपाट्याने पडतो तो आकडा: पूर्ण मोकळ्या अवकाशात २, झाडी-भिंतींत ३ किंवा त्याहून जास्त. हे दोन्ही आकडे इंटरनेटवरून उचलू नका, आपल्या बागेत मोजा. एका ओळीत १, २, ४, ८ आणि १६ मीटरवर खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर शंभरेक पाकिटं घ्या. सरासरीपेक्षा मधला आकडा बरा, कारण एखादं भलतंच रीडिंग सरासरी ओढून नेतं. समजा १ मीटरवर −४५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि १६ मीटरवर −८१ मिळाले. म्हणजे ३६ डेसिबलची घट, अंतर चार वेळा दुप्पट झालं, दर दुप्पटीला ९ डेसिबल. दर दुप्पटीची घट भागिले ३ केली की ‘न’ मिळतो. इथे न = ३.

आता एखाद्या नोडचा आकडा −७५ आला. ४५ वरून ७५, घट ३०, सूत्रात घातलं की अंतर बरोबर १० मीटर. ऐकायला झकास. पण बागेत हाच आकडा इकडेतिकडे ६ डेसिबल सहज हलतो. माणूस मधून गेला, तारेवरून परावर्तन झालं, नोड जरा वळला, काहीही पुरतं. ६ डेसिबल म्हणजे १० मीटरच्या जागी ६.३ ते १५.८ मीटर यांपैकी काहीही. आणि दूर जावं तशी चूकही त्याच पटीत वाढते. पहिल्या पायरीतला १.३७ आठवा. ओळ सांगणं आरएसएसआयच्या आवाक्यातलं नाही, हे मी आता कुणाशी वाद न घालता सांगतो.

थोडी सुधारणा होते. २.४ गिगाहर्ट्झच्या ८०२.१५.४ (कमी वीज खाणाऱ्या सेन्सर-रेडिओंचं मानक) रेडिओला ११ ते २६ असे १६ चॅनेल असतात. परावर्तनाचा खेळ प्रत्येक चॅनेलवर वेगळा असतो, म्हणून चार-पाच चॅनेलवर मोजून मधला आकडा घेतला की उड्या कमी होतात. पानांचं मात्र काही करता येत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडी असताना तुम्ही ‘न’ काढला. दोन महिन्यांत मांडव भरला. पानातलं पाणी या लहरी शोषतं. पानांनी वाटेत ९ डेसिबल खाल्ले की १० मीटरवरचा नोड २० मीटरवर दिसायला लागतो. कोणी नोड हलवलेला नसतो, बाग वाढलेली असते.

दुसरा मार्ग वेळेचा. प्रकाश आणि रेडिओ एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातात. साध्या मायक्रोकंट्रोलरच्या (नोडमधल्या छोट्या संगणक-चिपच्या) घड्याळाला मायक्रोसेकंद कळतो, आणि तेवढ्यात लहर ३०० मीटर गेलेली असते. म्हणून यासाठी खास रेडिओ लागतो: अल्ट्रा-वाइडबँड (यूडब्ल्यूबी). डीडब्ल्यू१००० ही त्यातली सर्वपरिचित चिप सुमारे १५.६५ पिकोसेकंदांच्या पटीत वेळ नोंदवते, म्हणजे जेमतेम ४.७ मिलिमीटर. प्रत्यक्षात नीट दिसणाऱ्या दोन अँटेनांमध्ये १० सेंटिमीटरच्या आसपास अचूकता मिळते, आणि ओळच काय, वेलही सांगता येते.

मोजणी अशी. नोड अँकरला हाक मारतो, अँकर ठरावीक वेळाने ओ देतो. एकूण लागलेल्या वेळातून अँकरने थांबलेला वेळ वजा करायचा आणि निम्मा करायचा, तोच एका बाजूचा प्रवास. इथे एक खड्डा आहे. दोघांच्या घड्याळाच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत २० इतका फरक असेल आणि अँकरने ओ द्यायला १ मिलिसेकंद घेतला, तर निव्वळ घड्याळाच्या फरकाने १० नॅनोसेकंदांची चूक होते. ती ३ मीटर भरते! उपाय म्हणजे एकेरी विचारणा न करता दुहेरी करायची: नोड विचारतो, अँकर उत्तर देतो, नोड परत उत्तर देतो. दोन फेऱ्यांचे वेळ आणि दोन थांबण्याचे वेळ मिळतात. फेऱ्यांच्या गुणाकारातून थांब्यांचा गुणाकार वजा करा आणि चौघांच्या बेरजेने भागा. घड्याळाचा फरक जवळपास नाहीसा होतो. चिपच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत दोन्ही पद्धती असतात आणि उदाहरणात बहुधा एकेरी दिलेली असते, तेवढं बघून घ्या.

अँटेनापर्यंत पोचायला लागणारा आतला उशीरही प्रत्येक बोर्डाचा थोडा वेगळा असतो. दोन बोर्ड टेपने मोजलेल्या ८ मीटरवर ठेवा, शंभर मोजण्या घ्या. ८.३ दिसत असेल तर उशिराची किंमत बदलत ८.० वर आणा. पाच मिनिटांचं काम आहे, पण टाळलं तर सगळे नोड बाहेरच्या बाजूला फुगलेले दिसतात.

यूडब्ल्यूबीची भूक मोठी आहे. ऐकत असताना शंभर मिलिअँपिअरच्या आगेमागे जातं. पण खुंटावरचा नोड काही धावत नाही. दिवसातून एकदा, पहाटे, पाच सेकंद जागा मोजायची आणि तो रेडिओ झोपवायचा. ओलीचे आकडे नेहमीच्या रेडिओवरून जात राहतील.

तिसरा मार्ग आवाजाचा: रेडिओ आणि अल्ट्रासाउंड एकदम सोडायचे आणि मागून आवाज किती उशिरा आला यावरून अंतर काढायचं. २००० साली एमआयटीच्या ‘क्रिकेट’ या प्रणालीने घरातल्या खोल्यांसाठी हेच केलं आणि पुढच्या आवृत्त्यांत सेंटिमीटरमधली अचूकता मिळवली. छताखाली उत्तम. बागेत मात्र वारा, पानं आणि तापमान. आवाजाचा वेग १५ अंशांना सुमारे ३४० मीटर प्रतिसेकंद, ३५ अंशांना ३५२. पहाटे आणि दुपारी तेच १० मीटर मोजले तर ३५ सेंटिमीटरचा फरक पडतो. मी बागेत या वाटेला गेलो नाही.

पायरी ४: अंतरावरून जागा

आपल्या तुकड्यात अँकर असे: अ (०, ०), ब (४०, ०), क (०, ३०), ड (४०, ३०). नोड १७ ने मोजलेली अंतरं: अ पासून २०.३, ब पासून ३२.१, क पासून १८.६ मीटर.

प्रत्येक अँकरभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर तिन्ही जिथे भेटतात तिथे नोड. वर्तुळांची समीकरणं वर्गांची असतात, पण एकातून दुसरं वजा केलं की वर्ग उडून जातात आणि सरळ रेषा उरते. अ हा मूळबिंदू असल्याने काम फारच सोपं होतं:

क्ष = (अ-अंतराचा वर्ग − ब-अंतराचा वर्ग + ४० चा वर्ग) ÷ ८०
य = (अ-अंतराचा वर्ग − क-अंतराचा वर्ग + ३० चा वर्ग) ÷ ६०

आकडे घाला. वर्ग अनुक्रमे ४१२.०९, १०३०.४१ आणि ३४५.९६.

क्ष = ९८१.६८ ÷ ८० = १२.२७
य = ९६६.१३ ÷ ६० = १६.१०

मी नोड टेपने (१२, १६) वर ठेवला होता असं धरा. चूक सुमारे २९ सेंटिमीटर. ओळ पक्की, वेलही पक्की. आणि एवढं गणित आठ बिटच्या मायक्रोकंट्रोलरलाही जमतं, ते गेटवेवर पाठवायची गरज नाही. नोड खरोखरच आपली जागा आपण काढतो.

अँकर ३ मीटरवर आणि नोड १ मीटरवर असेल तर मोजलेलं अंतर तिरकं असतं. २० मीटरला याने १० सेंटिमीटरचाच फरक पडतो, पण अँकरच्या बुंध्याशी असलेल्या नोडचे ३ मीटर ३.६ दिसतात. मोजलेल्या अंतराच्या वर्गातून उंचीतल्या फरकाचा वर्ग आधी वजा करून घ्या.

पायरी ५: चौथ्याची साक्ष घ्या

आता ड. काढलेल्या जागेपासून ड चं अंतर यायला हवं ३१.०२. मोजलेलं ३१.४ असेल तर ठीक, साक्ष जुळली. ३५ आलं तर? चौघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. बहुधा मध्ये पाण्याची टाकी, ट्रॅक्टर किंवा दाट मांडव आला आणि लहर वळसा घालून पोचली. वळशाने अंतर वाढतं, कमी होत नाही, हे ध्यानात ठेवलं की संशयित पटकन सापडतो. एकेक अँकर वगळून चार वेळा जागा काढा. ज्याला वगळल्यावर बाकीच्यांचा मेळ सगळ्यात चांगला बसतो, तो गुन्हेगार.

डीडब्ल्यू१००० आणखी एक चुगली करते. ती एकूण मिळालेली ताकद आणि सगळ्यात आधी पोचलेल्या लहरीची ताकद वेगवेगळी देते. दोन्हींतला फरक ६ डेसिबलच्या आत असेल तर सरळ वाट मोकळी आहे असं धरा, १० च्या वर गेला तर आड काहीतरी आहे. अशी मोजणी फेकून द्या किंवा तिला कमी वजन द्या.

पायरी ६: ज्यांना अँकर ऐकूच येत नाहीत

मोठ्या बागेत मधल्या नोडांना जेमतेम एखादा अँकर ऐकू येतो. अशांसाठी डीव्ही-हॉप ही जुनी युक्ती आहे, रटगर्स विद्यापीठातल्या ड्रॅगोश निकुलेस्कू आणि बद्री नाथ यांची, २००१ च्या सुमाराची. यात अंतर मोजतच नाहीत, उड्या मोजतात. अ अँकरचा निरोप नोडानोडांवरून पुढे जातो आणि प्रत्येक जण उडी मोजतो. अ पासून ब ४ उड्या, क ३, ड ५. खरी अंतरं माहीतच आहेत: ४०, ३०, ५०. एकूण १२० मीटर, १२ उड्या, म्हणजे एक उडी १० मीटरची. ज्या नोडला अ दोन उड्यांवर आहे तो धरतो २० मीटर, आणि पुढचं गणित चौथ्या पायरीतलंच.

नोड सगळीकडे सारखे पसरलेले असतील तर हे चालतं. मध्ये विहीर, शेड किंवा मोकळी जागा असेल, किंवा तुकडा एल आकाराचा असेल, तर उड्या वळसा घालतात आणि अंतरं फुगतात. प्लॉट कळण्याइतपत ठीक. नोड फक्त ऐकू येणाऱ्या अँकरांच्या जागांची सरासरी घेतो, ही त्याहून सोपी पद्धत (बुलुसु, हायडमन आणि एस्ट्रिन, २०००) तर दहा ओळींत लिहून होते, तेवढ्याच मर्यादेत वापरा.

आणखी एक मोह असतो: जागा सापडलेल्या नोडलाच पुढच्यासाठी अँकर करायचं. करा, पण दोन पिढ्यांपर्यंतच. पहिल्याची ३० सेंटिमीटरची चूक दुसऱ्याच्या चुकीत मिसळते, आणि तिसऱ्या-चौथ्याला ओळ चुकते. मी अशा वेळी सरळ आणखी एक खरा अँकर रोवतो.

पायरी ७: तपासणी

टेपने मोजलेल्या दहा जागी खुंट ठोका: चार कडेला, चार मध्ये, दोन मुद्दाम अडचणीत, म्हणजे टाकीमागे आणि दाट मांडवात. एकच नोड प्रत्येक खुंटावर ठेवून जागा काढा. मधली चूक किती आणि सगळ्यात वाईट किती, हे दोन्ही लिहा. सरासरी सांगून मोकळं होऊ नका, कारण सरासरी ८० सेंटिमीटर असली तरी टाकीमागचा नोड दोन ओळी सोडून दिसत असेल, तर व्हॉल्व्ह चुकीचाच उघडणार.

खुंट उपटू नका, मांडवाच्या बुडाशी चुन्याची खूण करून ठेवा. एप्रिलची खरड छाटणी झाली की एकदा, मांडव भरला की एकदा, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर एकदा, तेच दहा खुंट पुन्हा मोजायचे आहेत. आरएसएसआयवर असाल तर त्या प्रत्येक वेळी ‘न’ नव्याने काढावा लागेल. यूडब्ल्यूबीवर असाल तर बहुतेक वेळा फक्त ज्या अँकरसमोर नवी फांदी आली तो हातभर वर चढवावा लागतो.